आधी खोकं उलगडा, मग सूत्र लिहा: त्रिमितीय आकारांचं पृष्ठफळ कसं काढायचं

पृष्ठफळाचा धडा सुरू करताना मी वर्गात चहाच्या कपांचं एक रिकामं खोकं घेऊन जाते. लांबी ३० सेमी, रुंदी २० सेमी, उंची १२ सेमी. मुलांना एकच प्रश्न विचारते: याला बाहेरून सगळीकडे रंगीत कागद चिकटवायचा आहे, किती कागद लागेल? दरवर्षी पाच-सहा हात पटकन वर होतात आणि उत्तर येतं, ७२००. तीस गुणिले वीस गुणिले बारा. गुणाकार बिनचूक असतो, पण उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं असतं. ७२०० घनसेंटिमीटर म्हणजे खोक्यात काय आणि किती मावेल, ते घनफळ. आपल्याला हवा आहे बाहेरचा कागद.

ही चूक हुशार मुलंही करतात, कारण त्यांच्या हातात सूत्र आधी पडतं आणि खोकं नंतर. मला हे मनापासून खटकतं. पृष्ठफळ हा गणितातला असा भाग आहे की जो कात्री आणि डिंक घेऊन शिकता येतो, आणि आपण तो आठ-दहा सूत्रं पाठ करून उरकतो. म्हणून या लेखात सूत्रं येतील, पण प्रत्येक वेळी कागदाच्या मागून.

बांधकामावर पाहिलंत तर हा फरक एकाच शब्दात दडलेला दिसेल. वाळूची एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. प्लास्टरची एक ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. शब्द एकच, पण वाळू जागा भरते आणि प्लास्टर भिंतीवर पसरतं. गवंड्याला कुठल्या वेळी कुठली ब्रास ते सांगावं लागत नाही. मुलांनीही उदाहरण वाचल्यावर स्वतःला आधी हेच विचारावं: इथे काही भरायचं आहे, की काही पसरायचं आहे? रंग, कागद, पत्रा, कापड, प्लास्टर, चांदीचा मुलामा, हे सगळं पसरतं. तिथे पृष्ठफळ.

पहिली पायरी: उलगडणं

घरातलं कुठलंही खोकं घ्या. एका उभ्या कडेवर सुरी फिरवा, वरचा आणि खालचा भाग एकेका कडेला जोडलेला राहू द्या, बाकीच्या कडा सोडवा आणि ते जमिनीवर सपाट पसरा. आत दुमडलेले कान कापून टाका, कारण ते चिकटवण्यापुरते असतात. समोर जो सपाट आकार पडेल त्याला पुस्तकात घडणी म्हणतात. घडणीचं क्षेत्रफळ म्हणजेच त्या वस्तूचं पृष्ठफळ. आयताचं क्षेत्रफळ ज्याला येतं, त्याला खोक्यासाठी नवीन काही शिकायचं नाही.

आता त्या घडणीकडे नीट बघा. मुलांना बहुधा सहा सुटे आयत दिसतात. मी त्यांना वेगळं बघायला सांगते. चार उभ्या भिंती एकमेकींना चिकटून एक लांब पट्टी झाली आहे. तिची उंची १२ सेमी, आणि लांबी ३० + २० + ३० + २० = १०० सेमी. ही १०० म्हणजे दुसरं काही नाही, खोक्याच्या तळाची परिमिती. पट्टीचं क्षेत्रफळ १०० × १२ = १२०० चौसेमी. उरले वरचं झाकण आणि खालचा तळ, प्रत्येकी ३० × २० = ६००, मिळून १२००. एकूण पृष्ठफळ २४०० चौसेमी.

एक पट्टी आणि दोन तळ. एवढं एक चित्र डोक्यात बसलं की इष्टिकाचिती (म्हणजे आपल्या खोक्यासारखा आकार), घन, त्रिकोणी चिती आणि वृत्तचिती (गोल डबा) हे चारही आकार त्यातच येतात:

पट्टी = तळाची परिमिती × उंची
एकूण पृष्ठफळ = पट्टी + २ × तळाचं क्षेत्रफळ

पुस्तकात इष्टिकाचितीचं सूत्र २ (लांबी × रुंदी + रुंदी × उंची + लांबी × उंची) असं असतं. तेही हेच आहे, फक्त समोरासमोरच्या जोड्या लावून लिहिलेलं. परीक्षेत कोणतंही वापरा. पण मूल गोंधळलं तर त्याला पट्टीकडे परत आणा.

घनाला सगळ्या कडा सारख्या, म्हणून ६ × बाजू × बाजू, इतकंच. घनाच्या बाबतीत खरं शिकण्यासारखं आहे ते घन एकमेकांना चिकटवल्यावर. ४ सेमी बाजूचे तीन घन ओळीने चिकटवले, तर नव्या आकाराचं पृष्ठफळ किती? एका घनाचं ९६, म्हणून तिघांचं २८८, असं उत्तर येतं. पण दोन सांधे आहेत, आणि प्रत्येक सांध्यात दोन पृष्ठं दडून गेली आहेत. चार पृष्ठं × १६ = ६४ वजा. २८८ − ६४ = २२४ चौसेमी. पडताळा घ्या: नवा आकार १२ × ४ × ४ ची इष्टिकाचिती, पट्टी १६ × १२ = १९२, दोन टोकं ३२, बेरीज २२४. घनफळांची सरळ बेरीज होते, पृष्ठफळांची होत नाही. हे मुलांना घरातल्या काडेपेट्या चिकटवून दाखवा, तोंडी सांगून ते टिकत नाही.

दुसरी पायरी: कोणती पृष्ठं धरायची?

माझ्या अनुभवात सर्वांत जास्त गुण इथे जातात. गणित येत असतं, पण वाक्य नीट वाचलेलं नसतं. "झाकण नसलेली टाकी", "दोन्ही बाजूंनी उघडा पाइप", "खोलीच्या चार भिंती", "आतून आणि बाहेरून रंग", या प्रत्येक शब्दाने हिशेब बदलतो. मी मुलांना आकडेमोडीच्या आधी वहीत एक ओळ लिहायला लावते: धरलेली पृष्ठं अमुक, सोडलेली अमुक. सुरुवातीला कंटाळतात. महिन्याभरात चुका कमी होतात.

खोलीला रंग द्यायचं उदाहरण घ्या. खोली १२ फूट × १० फूट, उंची १० फूट. जमीन सोडली. भिंतींची पट्टी: परिमिती ४४ × उंची १० = ४४० चौरस फूट. दार ७ × ३ = २१ आणि खिडकी ४ × ४ = १६, दोन्ही वजा, उरले ४०३. छताला रंग द्यायचा असेल तर आणखी १२०, म्हणजे ५२३ चौरस फूट. दोन हात मारायचे तर पृष्ठफळ बदलत नाही, रंग दुप्पट लागतो. रंगाच्या डब्यावर एक लिटर किती चौरस फुटांना पुरतो ते लिहिलेलं असतं, तो भागाकार मुलांकडूनच करून घ्या. घरात खरंच रंगकाम निघालं असेल तर टेप घेऊन मुलालाच मापं घ्यायला सांगा.

मापांवरून आठवलं. आकडेमोडीला हात घालण्याआधी सगळी मापं एकाच एककात आणा. लांबी मीटरमध्ये आणि जाडी सेंटिमीटरमध्ये दिलेली असते ती मुद्दाम. शेवटी बदलायचं ठरवलंत तर लक्षात ठेवा, १ चौरस मीटर म्हणजे १०० चौसेमी नव्हे, १०,००० चौसेमी. १०० सेमी लांब आणि १०० सेमी रुंद चौकोन वर्तमानपत्रं जोडून जमिनीवर करून दाखवला की हे कायमचं बसतं. त्याच कारणाने १ चौरस फूट म्हणजे १४४ चौरस इंच.

त्रिकोणी चिती: तंबू

पायथ्याशी ६ फूट रुंद, मधे ४ फूट उंच, तिरक्या बाजू ५-५ फूट, लांबी १० फूट, असा एक तंबू समजा. इथे "तळ" म्हणजे जमिनीवर टेकलेली बाजू नाही. चितीचे तळ म्हणजे तिची दोन सारखी टोकं, इथे पुढचा आणि मागचा त्रिकोण. मुलं इथे हमखास अडखळतात, म्हणून तंबू मनात उभा करून त्याच्या त्रिकोणावर बसवायचा. मग पट्टीची उंची म्हणजे तंबूची लांबी, १० फूट. परिमिती ६ + ५ + ५ = १६. पट्टी १६० चौरस फूट. दोन त्रिकोण: प्रत्येकी ½ × ६ × ४ = १२, मिळून २४. एकूण १८४.

खाली कापड लागणार नसेल तर ६ × १० = ६० वजा करून १२४ चौरस फूट. यात ४ आणि ५ या दोन आकड्यांची अदलाबदल करू नका. ४ ही उंची फक्त त्रिकोणाच्या क्षेत्रफळासाठी. कापड पसरतं ते तिरक्या बाजूवर, ५ फुटांवर.

वृत्तचिती: डब्याचं लेबल

गोल डब्याला गुंडाळलेलं कागदी लेबल एका उभ्या रेषेवर कापा आणि सरळ करा. आयत! वर्गात इथे दरवेळी एक क्षण शांतता पसरते, मग "हो की!" असा आवाज येतो. वाकडं पृष्ठ सरळ होतं हे मुलांना खरोखर नवं असतं. आयताची उंची ती डब्याची उंची, आणि लांबी म्हणजे डब्याचा परीघ. पुन्हा तीच पट्टी, तळ मात्र आता वर्तुळ.

त्रिज्या ७ सेमी, उंची २० सेमी. परीघ = २ × पाय (π, सुमारे २२/७) × त्रिज्या = २ × २२/७ × ७ = ४४ सेमी. वक्रपृष्ठफळ ४४ × २० = ८८० चौसेमी. एका तळाचं क्षेत्रफळ २२/७ × ७ × ७ = १५४. झाकणासह डबा ८८० + ३०८ = ११८८ चौसेमी, झाकणाशिवाय ८८० + १५४ = १०३४, आणि दोन्हीकडून उघडा पाइप असेल तर फक्त ८८०.

त्रिज्येच्या जागी व्यास घालणं ही इथली नेहमीची चूक. डबा मोजताना आपण व्यासच मोजतो, त्यामुळे तो अर्धा करायचा राहून जातो. त्रिज्या ७ च्या पटीत असेल तर २२/७ घ्या, छेद निघून जातो. नसेल तर ३.१४ सोयीचं. उदाहरणात काय घ्यायचं ते दिलं असेल तर तेच घ्या.

डब्यावरून एक प्रयोग आवर्जून करा. ए-फोर मापाचे दोन कागद घ्या, २१ सेमी × २९.७ सेमी. एक आडवा गुंडाळा, म्हणजे नळी बुटकी आणि जाड होईल. दुसरा उभा गुंडाळा, म्हणजे उंच आणि बारीक होईल. कडा फक्त भिडवा, एकमेकींवर चढवू नका, आणि चिकटपट्टी लावा. दोन्हींचं वक्रपृष्ठफळ अगदी सारखं, कारण कागद तोच: सुमारे ६२४ चौसेमी. आता ताटात उभ्या करून दोन्हींत तांदूळ भरा. बुटकीत सुमारे १४७४ घनसेंटिमीटर मावतात, उंच नळीत सुमारे १०४२. सारख्या कागदात इतका फरक! पसरणं आणि भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या तांदळाइतकं स्पष्ट मी फळ्यावर कधीच सांगू शकले नाही.

निमुळते आकार: सूची आणि शंकू

वर टोक असलेल्या आकाराला तळ एकच. भिंती त्रिकोणी होतात, म्हणून पट्टीही अर्धी होते:

उभी पृष्ठं = ½ × तळाची परिमिती × तिरकस उंची

तिरकस उंची म्हणजे बाजूच्या उतारावरून टोकापर्यंतचं अंतर. सरळ उंची आत असते, तिच्यावर कागद चिकटत नाही. उदाहरणात सरळ उंचीच दिली असेल तर काटकोन त्रिकोणाचं पायथागोरसचं प्रमेय लागतं. चौरस तळाची बाजू १० सेमी आणि सरळ उंची १२ सेमी असेल, तर तळाच्या मध्यापासून बाजूपर्यंत ५ सेमी. २५ + १४४ = १६९, म्हणून तिरकस उंची १३ सेमी. उभी पृष्ठं ½ × ४० × १३ = २६०, तळ १००, एकूण ३६० चौसेमी.

हीच रीत गिझाच्या मोठ्या पिरॅमिडला लावता येते. तळाची बाजू सुमारे २३० मीटर, मुळातली उंची सुमारे १४६.६ मीटर. तिरकस उंची सुमारे १८६ मीटर येते आणि चार उतारांचं पृष्ठफळ सुमारे ८५,७०० चौरस मीटर, म्हणजे २१ एकरांहून थोडं जास्त. शेती असलेल्या घरातल्या मुलाला हा आकडा लगेच समजतो.

शंकूसाठी भेळेचा कागदी कोन उलगडा. वर्तुळाची एक फाक मिळते. तिची कमान म्हणजे कोनाच्या तोंडाचा परीघ. सूत्र तेच, अर्धा × परीघ × तिरकस उंची, जे आवरून पाय × त्रिज्या × तिरकस उंची होतं. त्रिज्या ७ आणि तिरकस उंची २५ असेल तर ½ × ४४ × २५ = ५५० चौसेमी. भेळेच्या कोनाला झाकण नसतं, तेव्हा इथेच थांबा. बंद शंकू असेल तर १५४ मिळवा.

गोल: चेंडूवरची जाळी

गोल सपाट उलगडत नाही. संत्र्याची साल टेबलावर दाबली की फाटते. पण तीच साल मोजता येते. एक गोलसर संत्रं अर्धं कापा, कापलेला भाग कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवा, आणि तेवढीच आणखी वर्तुळं काढा. दोन्ही अर्धकांची साल बारीक तुकडे करून त्या वर्तुळांत खेटून लावत जा. चार वर्तुळं भरतात आणि साल संपते. ४ × पाय × त्रिज्या × त्रिज्या.

हे भास्कराचार्यांनी 'लीलावती'त, इ.स. ११५० मध्ये, एका श्लोकार्धात सांगितलं आहे: वर्तुळाचं क्षेत्रफळ म्हणजे परीघ गुणिले व्यासाचा चौथा हिस्सा, आणि त्याला चाराने गुणलं की चेंडूभोवतीच्या जाळीसारखं वरचं फळ मिळतं. पुढच्या ओळीत त्या पृष्ठफळाला व्यासाने गुणून सहाने भागलं की गोलाचं घनफळ. चाळीसगावजवळच्या पाटणे इथल्या शिलालेखात त्यांचे नातू चंगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याची नोंद आहे. चेंडूवरची जाळी ही उपमा मला फार आवडते, कारण ती बोट ठेवून दाखवता येते.

चौथा हिस्सा घेऊन पुन्हा चाराने गुणायचं, म्हणजे उरतं काय? परीघ × व्यास. क्रिकेटच्या चेंडूभोवती दोरा गुंडाळा. पुरुषांच्या चेंडूचा परीघ नियमाप्रमाणे २२.४ ते २२.९ सेमी असतो. समजा २२.५ भरला. ३.१४ ने भागून व्यास सुमारे ७.१७. गुणाकार सुमारे १६१ चौसेमी. चामडं एवढंच.

आता तोच चेंडू नेमका बसेल असा डबा मनात आणा, उंची चेंडूच्या व्यासाएवढी. त्याच्या लेबलाचं क्षेत्रफळ किती? परीघ × उंची, म्हणजे परीघ × व्यास. चेंडूच्या पृष्ठफळाएवढंच! आपली पट्टी इथेही हजर आहे. सिराक्यूजच्या आर्किमिडीजने इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात हे सिद्ध केलं. त्या डब्याचे दोन तळ मिळवले तर गोलाचं पृष्ठफळ डब्याच्या दोन तृतीयांश येतं, आणि घनफळही दोन तृतीयांशच. या शोधाचं त्याला इतकं मोल होतं की वृत्तचितीतल्या गोलाची आकृती त्याच्या समाधीवर कोरली होती.

जोडलेले आकार, आणि एक कंदील

वृत्तचितीवर शंकूचं छप्पर असलेली धान्याची कोठी, किंवा वर अर्धगोल असलेला घुमट, अशा उदाहरणांत दोन आकारांची एकूण पृष्ठफळं मिळवू नका. सांध्याचं वर्तुळ बाहेरून दिसत नाही. त्या वस्तूवर मुंगी सोडली तर ती कुठे कुठे चालू शकेल, तेवढंच धरा. मुलांना मुंगी चटकन पटते.

दिवाळीआधी घरी करण्यासारखं सगळ्यांत चांगलं उदाहरण म्हणजे बांबूच्या कामट्यांचा आकाशकंदील. मधे आठ चौकोनांचा पट्टा, त्याच्या वर चार चौकोन आणि चार त्रिकोण, खाली तसेच, आणि वर-खाली एकेक चौकोन. मिळून १८ चौकोन, ८ त्रिकोण. वरचा चौकोन हवेसाठी आणि खालचा दिवा आत न्यायला उघडा ठेवतात, म्हणून धरायचे १६ चौकोन. कामटी १५ सेमीची असेल तर एक चौकोन २२५, सोळा मिळून ३६०० चौसेमी. त्रिकोणाची उंची पट्टीने मोजा, १३ सेमी भरेल. ½ × १५ × १३ = ९७.५, आठ मिळून ७८०. एकूण ४३८० चौसेमी.

उत्तर लिहिण्याआधी अंदाज घ्या. हा कंदील सुमारे ३६ सेमी उंच-रुंद घनात मावतो, त्या घनाचं पृष्ठफळ ६ × ३६ × ३६ = ७७७६. कंदिलाचं त्याहून कमीच आलं पाहिजे, आणि आलं आहे. त्याहून जास्त आलं असतं तर कुठेतरी पृष्ठं दोनदा धरली गेली, असं लगेच कळलं असतं.

कागद आणायला जाताना मात्र ४३८० धरून जाऊ नका. खळ लावून दुमडायला प्रत्येक तुकडा चहूबाजूंनी १ सेमी मोठा लागतो, म्हणजे चौकोन १७ × १७ = २८९ चा. नुसत्या सोळा चौकोनांनाच ४६२४ चौसेमी झाले. त्रिकोणांचं गणित मुलांना करू द्या, आणि झिरमिळ्यांचा कागद वेगळा धरा.